कृपया हात लावा

लहानपणी आपल्या कानांवर जी वाक्ये सर्वांत जास्त वेळा पडतात, त्यांत ‘हात लावू नकोस’ या वाक्याचा क्रमांक फार वरचा लागेल. लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस, देवघरातल्या समईला हात लावू नकोस, बाबांच्या रेडिओला तर मुळीच हात लावू नकोस! पुढे शाळेच्या सहलीबरोबर वस्तुसंग्रहालयात जावे, तर तेथेही तीच आज्ञा पाटीवर रंगवून टांगलेली. आमच्या पुण्यात केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचे एक सुरेख दालन आहे. काचेआडची ती वाद्ये पाहताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. वाद्य हे काही पाहण्यासाठी घडवलेले नसते. कोणा कारागिराने भोपळा निवडून, लाकूड कोरून, तारा ताणून ते केले ते वाजण्यासाठी, आणि आता ते मुके होऊन उभे आहे. जुनी वस्तू जपायची तर दुसरा इलाज नाही, हे खरे. तरीपण बोटे शिवशिवतातच.

अशा शिवशिवणाऱ्या बोटांच्या माणसांसाठी गेल्या साठ वर्षांत जगात एक नवी कला वाढीला लागली आहे. तिच्या दारावर नेमकी उलटी पाटी असते. हात लावा, बोला, चाला, गुणगुणा. तुम्ही काही केल्याशिवाय ती काहीच करणार नाही. मराठीत अशा रचनेला मांडणशिल्प म्हणतात, आणि पाहणाऱ्याला जे उत्तर देते ते संवादी मांडणशिल्प. ‘संवादी’ हा शब्द मला फार आवडला. आपल्या संगीतात रागाला वादी स्वर असतो, तसा संवादीही असतो. एकट्या वादीने राग उभा राहत नाही.

आत असते काय? एखादी खोली, चौक किंवा नुसता रस्ता. तेथे मायक्रोफोन, दिवे आणि हालचाल टिपणारी लहान यंत्रे बसवलेली असतात. त्यांची नोंद संगणकाकडे जाते, आणि कलावंताने आधी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे तो आवाज किंवा उजेड परत धाडतो. म्हणजे कलावंत चित्र रंगवीत नाही; तो नियम ठरवतो आणि खेळ आपल्या हाती सोपवतो.

हे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, “यात नवे ते काय? आमच्या देवळातली घंटा पिढ्यान्‌पिढ्या हेच करते आहे!” आणि ते बरोबरच आहे. घंटेला कोणी ‘हात लावू नका’ म्हणत नाही. लहान पोराला बापाने उचलून घ्यावे आणि पोराने टण्‌कन लोळा आपटावा, यातला आनंद कोणत्या मराठी माणसाला ठाऊक नाही? जात्यावरची ओवी घ्या. एकीने सुरुवात करायची, समोरचीने उचलायची, आणि खुंट्यावर दोघींचे हात असल्यामुळे लय आपोआप एक व्हायची.

विजापूरचा गोल घुमट तर या साऱ्याचा पणजोबाच म्हटला पाहिजे. १६५६ साली पुरी झालेली ती मुहंमद आदिलशहाची कबर. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या सज्जात एका भिंतीशी कुजबुजावे आणि ते पलीकडच्या टोकाला कान लावणाऱ्याला ऐकू यावे. एक हाक मारावी आणि तिने पुन्हापुन्हा परतून यावे. वीज नाही, यंत्र नाही, केवळ चुन्या-विटांची वक्रता. आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती, तेव्हा आम्ही चाळीस मुली एकाच वेळी आपापली नावे घेऊन किंचाळलो. परिणाम असा झाला की, चाळिसांपैकी एकीलाही आपले नाव परत ऐकू आले नाही. शेवटी बाईंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावले आणि एकेकीला हाक मारू दिली. तेव्हा कुठे घुमट बोलू लागला.

ही आठवण मी मुद्दाम सांगितली. भाग घेणे म्हणजे आवाज करणे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. पण दुसऱ्याच्या आवाजाला जागा ठेवणे हाही भाग घेण्याचाच भाग आहे, किंबहुना तोच जास्त अवघड आहे. मी जन्मभर नोकरी केली ती टेलिफोन खात्यात. १९७० साली ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा ट्रंक कॉलचा जमाना होता. माणसे कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळत बसायची, आणि शेवटी लाइन लागून मी “बोला” म्हटले की दोन्हीकडे शांतता! मग एकदम दोघेही बोलू लागत. मुंबईच्या माणसाशी लोक साध्या आवाजात बोलत. नागपूरशी बोलताना मात्र आवाज चढायचा, आणि कलकत्त्याशी बोलणारा तर इतका ओरडे की त्याला तारेची गरजच नव्हती असे वाटावे. अंतर जास्त, म्हणून आवाज जास्त, हा हिशेब माणसाच्या मनात फार खोल रुजलेला आहे.

म्हणूनच एका पोलिश माणसाची गोष्ट मला विशेष भावते. एडवर्ड इहनातोविच हे त्याचे नाव. तो इंग्लंडमध्ये राहून शिल्पे करी. १९६८ साली लंडनमध्ये ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ नावाचे एक प्रदर्शन भरले. संगणक आणि कला यांची गाठ घालून देणारे हे पहिल्या मोठ्या प्रदर्शनांपैकी एक. त्यात त्याने ‘सॅम’ नावाचे एक चालते शिल्प ठेवले होते. ॲल्युमिनियमचे मणके एकावर एक रचून केलेली मान आणि त्यावर फुलासारखे डोके. डोक्यात चार मायक्रोफोन. कोणी आवाज केला की ते त्या दिशेला वळे. त्यात मेख अशी होती की, त्याला गोंगाट चालत नसे. हलका आणि टिकून राहिलेला आवाजच त्याला ओढून घेई. त्यामुळे चांगली सुटाबुटातली माणसे त्या धातूच्या फुलासमोर उभी राहून बराच वेळ मुंग्यांशी बोलल्यासारखी गुणगुणत राहत.

त्यानंतर फिलिप्स कंपनीसाठी त्याने ‘सेन्स्टर’ घडवले. हॉलंडमधल्या आइंडहोवन गावी या कंपनीची बशीच्या आकाराची एव्होलुऑन नावाची प्रदर्शनाची इमारत होती. तेथे १९७० साली हे शिल्प उभे राहिले. पोलादी नळ्यांचे, पंधरा फुटांहून लांब असे ते धूड. पायांवर जिराफासारखे उभे, पण मान वळायची ती खेकड्या-शेवंड्याच्या नांगीच्या सांध्यांसारखी. डोक्यात मायक्रोफोन, बाजूला हालचाल ओळखणारे रडार, आणि पाठीमागे संगणक. शांतपणे कोणी बोलले की हा प्राणी हळूच मान खाली घालून त्याच्याजवळ येई. कोणी ओरडले, हातवारे केले, तर दचकल्यासारखा मागे सरे. पोरे टोरे त्याच्यापुढे गर्दी करत. गलका वाढला की तो मान वर काढून दूर होई, आणि गलका निवला की पुन्हा खाली येई. त्याला शिकवलेले नियम अगदी मोजके होते. लाजाळूपणा, कुतूहल, भीती हे सारे पाहणाऱ्यांनी आपल्या मनाने त्याला बहाल केले. १९७४ साली कंपनीने ते बंद केले. नंतर किती तरी वर्षे त्याचा सांगाडा हॉलंडमधल्या एका खेड्यात उघड्यावर उभा होता. २०१७ साली क्राकुव्ह येथील एका तांत्रिक विद्यापीठाने तो पोलंडला नेला आणि पुढल्या वर्षी पुन्हा चालता केला. घडवणारा १९८८ सालीच गेला होता. त्याच्या जन्मभूमीला निदान त्याचे लाजाळू लेकरू तरी पोहोचले.

ओरडले की मागे सरणारा प्राणी मला चांगलाच ओळखीचा होता. तसा एक आमच्या घरातच होता.

आमचे हे हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांचे कान मंदावू लागले. वयाबरोबर येणारे बहिरेपण बहुधा वरच्या सुरांपासून सुरू होते. स, श, फ, त ही व्यंजने आधी जातात. ‘आ’कार, ‘ओ’कार राहतात. म्हणजे माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. नळाला पाणी आले की मी स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, पाणी आलंय!” आणि हे ‘वाणी आलाय’ असे समजून दार उघडायला जायचे. सुरुवातीला यावर घरात हसे होई. मग हसे कमी झाले आणि आवाज वाढले. जो तो त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. ओरडण्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजने काही परत येत नाहीत. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो तो निराळाच. श्रवणयंत्र आणले होते. ते टेबलाच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घराशेजारी विसावले होते. ज्या माणसाने दर डिसेंबरला सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी घेऊन जावे, मांडीवर ठेका धरावा, त्याने तीन वर्षे तिकडे पाऊलही टाकले नाही. कट्टा सुटला. घरात तर ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठीक आहे’ एवढ्यावर संसार चालू होता.

अशा काळात, २०१३ सालच्या मे महिन्यात, आम्ही दोघे मुलीकडे कॅनडात माँट्रियलला गेलो. तेथे शहराच्या मधोमध, नाट्यगृहे आणि संगीतगृहे यांच्या परिसरात, एका रस्त्याकडेच्या पट्ट्यात एकवीस झोपाळे ओळीने टांगलेले होते. ‘डेली तू ले जूर’ नावाच्या तिथल्याच एका कलासंस्थेने, म्हणजे मेलिसा मोंजिया आणि मूना अंद्राओस या दोघी कलावंतांच्या चमूने, ते २०११ साली प्रथम उभारले, आणि पुढे काही वर्षे वसंत ऋतू आला की ते परत यायचे. नावही साधे, ‘एकवीस झोपाळे’. झोपाळा हलला की त्यातून सूर निघतो. कोणाचा पियानोचा, कोणाचा गिटारचा, कोणाचा हार्पचा, तर कोणाचा व्हायब्रफोनचा. इथपर्यंत ठीक. खरी गंमत पुढे आहे. काही सुरावटी एकट्याला मिळतच नाहीत. शेजारचा झोपाळा आणि आपला झोपाळा एका लयीत आले, तरच त्या उमटतात. हा नियम ठरवताना त्यांनी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांचा सल्ला घेतला होता. एकमेकांशी स्पर्धा नव्हे, सहकार्य म्हणजे नेमके काय, हा त्यांच्या विचाराचा विषय.

झोपाळा म्हणजे आपल्याला नवा नव्हे. माझ्या सासरी, वाईला, ओटीवर पितळी कड्यांचा फळीचा झोपाळा होता. जेवणानंतर त्याची करकर साऱ्या वाड्याला ऐकू येई. पण त्यावर बसण्याचा मान मोठ्यांचा. नव्या नवरीने त्यावर नवऱ्याशेजारी बसावे, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. आम्ही दोघे शेजारी शेजारी झोके घ्यायला बसलो ते थेट माँट्रियलला, माझ्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी!

हे आधी तयारच नव्हते. “हे काय वय आहे का?” म्हणाले. मुलीने हाताला धरून बसवले. मी झोका घेतला, सूर आला. मी आणखी जोर केला. माझा सूर माझ्यापाशी, त्यांचा त्यांच्यापाशी. मेळ काही होईना. मुलीने वहीवर लिहून त्यांना नियम समजावला. तो वाचताच त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. आठवी ‘ब’च्या वर्गावर जातानाचा तो चेहरा.

“अगं, जोर कशाला लावतेस?” ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. “दोलनकाल वजनावर अवलंबून नसतो. झोका केवढा घेतला यावरही फारसा नसतो. तो दोरीच्या लांबीवर असतो. आपल्या दोघांच्या दोऱ्या सारख्याच आहेत. फक्त एका वेळी सोडलं पाहिजे. थांब. मी ‘हं’ म्हणेन तेव्हा सोड.”

गॅलिलिओपासून शाळेत शिकवला जाणारा हा लंबकाचा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यातले सौजन्य त्या दिवशी कळले. जाड माणूस आणि किडकिडीत पोर, म्हातारा आणि तरणा, सारख्या दोरीवर सगळ्यांचा वेळ जवळजवळ सारखाच. दुसऱ्याशी जुळवून घ्यायला अंगात बळ लागत नाही. एक क्षण थांबावे लागते, एवढेच.

आम्ही पाय टेकून थांबलो. “हं!” ते म्हणाले. दोघांनी एकदम पाय उचलले. दोन-चार झोके गेले आणि दोघांच्या सुरांवर एक तिसरीच सुरावट तरंगत आली, आमच्यापैकी कोणाचीच नसलेली.

“आलं?” त्यांनी विचारले.

त्यांना ती ऐकू येत नव्हती. वरचे सूर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. मी मोठ्याने मान डोलावली.

“आलंच पाहिजे,” ते म्हणाले आणि समाधानाने पुढे झुकले.

इतक्यात माझ्या पलीकडच्या झोपाळ्यावर एक दहा-बारा वर्षांची मुलगी येऊन बसली. ती फ्रेंच बोलणारी, हे मराठीत. पण मास्तरांना भाषेची अडचण कधी नसते. यांनी एक बोट वर केले, तिला थांबवले, तीन झोके मोजले आणि “हं!” म्हणाले. पोरगी सुटली ती नेमकी आमच्या जोडीने. मग तिची आई आली, मग कोणी एक कामावरून परतणारा तरुण. सगळ्यांना हे महाशय बोटाच्या इशाऱ्यावर थांबवत आणि सोडत होते. पाच झोपाळे एका लयीत, पाचांच्या सुरांचा गजर. आणि ज्याच्या तालावर हे चालले होते, त्याला त्यातले खालचे दोन-तीन सूर तेवढे ऐकू येत होते. रात्र झाली, झोपाळ्यांच्या बैठका खालून उजळल्या, तरी आमचा वर्ग सुटेना.

घरी परतल्यावर ते म्हणाले, “सगळं काही ऐकू नाही आलं. पण आज माझ्याशी कुणी ओरडून बोललं नाही.”

एवढेच बोलले. पुण्याला आल्यावर खणातले श्रवणयंत्र बाहेर निघाले. ते चमत्कार करते असे नाही, पण माणसाने ते कानाला लावणे म्हणजे समोरच्याला ‘बोल’ म्हणणे असते. घरात आम्हीही समोर उभे राहून, सावकाश आणि हळू बोलण्याचा परिपाठ ठेवला. त्या डिसेंबरात हे सवाईला गेले. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरली, आणि जे कानांनी येत नव्हते ते डोळ्यांनी घेत मांडीवर ठेका धरून बसले. पुढची चार वर्षे घरात पुन्हा गप्पा होत्या, भांडणेही होती. २०१७ च्या पावसाळ्यात ते गेले.

ज्याला दुसऱ्याचे ऐकवायचे आहे, त्याने आधी स्वतःची तार कशी उलटी जोडावी, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी घालून दिले आहे. मायक्रोफोन आणि ध्वनिक्षेपक ही मुळात सख्खी भावंडे. पडदा थरथरला की वीज उमटते, वीज सोडली की पडदा थरथरतो. टेलिफोनवाल्यांना हे नवीन नाही. या कलावतीने शंभर मायक्रोफोन उलटे जोडून त्यांना बोलते केले आणि एका अंधाऱ्या दालनात वरून टांगले. प्रत्येकाखाली एक लोखंडी गज, गजाच्या टोकावर टोचलेला कागद, कागदावर कवितेच्या ओळी. आठव्या शतकापासून आजपर्यंत, लिहिल्याबद्दल किंवा मतांबद्दल ज्यांना तुरुंगात जावे लागले अशा शंभर कवींच्या. एक मायक्रोफोन बोलतो आणि बाकीचे त्याची री ओढतात. आपण गजांमधून वाट काढत, आवाजामागे जात राहायचे. २०१८ च्या कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला हे मांडणशिल्प होते. जे यंत्र आवाज घेण्यासाठी आहे, तेच येथे आवाज देते. आणि पाहायला आलेला माणूस, ज्याला वाटत होते आपण बोलायला आलो, त्याच्या वाट्याला ऐकण्याचे काम येते.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी मुलाकडे अमेरिकेत होते. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात तेव्हा राफाएल लोझानो-हेमर यांचे प्रदर्शन लागले होते. हे गृहस्थ मूळचे मेक्सिकोचे, आणि त्यांची कार्यशाळा माँट्रियलला. ते गाव ऐकूनच मी जायला निघाले. त्यांची ‘पल्स रूम’ ही खोली २००६ साली प्रथम मेक्सिकोत उभी राहिली. पत्नीच्या पोटात जुळी होती, तेव्हा दोन्ही बाळांच्या हृदयाचे ठोके त्यांनी एकाच वेळी ऐकले. दोघांची लय निराळी, आणि मिळून तिसरीच. तेथून ही कल्पना निघाली.

मोठ्या अंधाऱ्या खोलीत शेकडो जुन्या पद्धतीचे तारेचे दिवे लटकत असतात. एका ठिकाणी आपण हात ठेवायचा. यंत्र नाडी ओळखते आणि जवळचा दिवा आपल्या ठोक्याबरोबर लुकलुकू लागतो. हात काढला की सारे दिवे क्षणभर विझतात. मग पुन्हा लागतात, ते प्रत्येक ठोका एक दिवा पुढे सरकून. तुमचा ठोका रांगेत शिरला. आधीचे सगळे एक एक घर पुढे गेले. आणि जो अगदी टोकाला होता, तो खोलीतून गेला.

मी हात ठेवला. माझा दिवा जरा घाईतच होता. माझ्यानंतर मुलाने ठेवला, आणि त्याचा ठोका माझ्या मागोमाग येऊन उभा राहिला. नंतर अनोळखी माणसे आली. एका आजोबांचा ठोका संथ, लहान मुलीचा भरभर. मी भिंतीशी उभी राहून माझा दिवा मोजत पुढे पुढे पाहत राहिले. मुलगा म्हणाला, “आई, निघायचं?” मी म्हटले, “जरा थांब.” रांगेत मी कोठे आहे ते काही वेळाने मला नक्की सांगता येईना, शेजारचे दिवेही तसेच लुकलुकत होते. यांचा ठोका त्या खोलीत कधी नव्हता. तरी टोकाचा दिवा सरकून नाहीसा होई, तेव्हा माझी नजर तेथेच जाई. प्रत्येक वेळी कोणी तरी नवा माणूस हात ठेवी, म्हणूनच तो जुना ठोका जाई. हे समजायला कोणी प्रवचन दिले नाही. पंधरा मिनिटे दिवे पाहिले, एवढेच.

ज्यात बटण आहे ते सारे असेच असते, असे मात्र नव्हे. भिंतीवरची कळ दाबली की दिवा लागतो, म्हणून कळीला आपण कला म्हणत नाही. आजकाल दुकानांच्या चौकांत पाय ठेवला की रंग फुटणाऱ्या फरश्या असतात. लोक उभे राहतात, आपलाच फोटो काढतात आणि जातात. त्यातही गंमत असेल. मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठेवली आहे. येथे माझ्या करण्याने शेजारच्या अनोळखी माणसाला काही मिळाले का? आणि त्याच्या करण्याने मला? उत्तर नाही असे आले, तर तो खेळ एकट्याचा. घरी बसूनही खेळता येईल.

दिवाळीनंतर थंडी पडली की आपल्याकडे महोत्सवांचे दिवस सुरू होतात. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईला काळा घोड्याला रस्त्यावर मांडणशिल्पे उभी राहतात. मुलाबाळांना घेऊन अवश्य जावे. हात लावा असे लिहिलेले असेल तेथे पोरांना उगीच दटावू नये, आणि मोठ्यांनीही कडेला पिशव्या सांभाळत उभे राहू नये. आधी मात्र क्षणभर थांबावे. आपल्या पुढच्याचा झोका पुरा होऊ द्यावा. आणि चार लोकांत तोंड उघडायचा संकोच वाटत असेल, तर सुरुवात अगदी हलक्या आवाजात करावी. यंत्रांनाही तेच आवडते.